मनगट, अंगठा आणि विडीचं पान : प्रकल्प नोंदी

प्रकल्प : मनगट व हाताच्या सांध्यांचं मोबिलायझेशन (आखडलेला सांधा हाताने सरकवून मोकळा करणं), इंटर्नसाठी मराठी कार्यपुस्तिका.
जागा : सोलापूर, पूर्व भागातलं आमचं दोन खाटांचं फिजिओथेरपी केंद्र.
माणसं : मी, एक इंटर्न, आणि अडलं की फोनवर आमचे सर. रुग्णांच्या नोंदी परवानगी घेऊन, नावाशिवाय.

८ जानेवारी

वही आज उघडली. इंटर्न येतात ते इंग्रजीतले धडे तोंडपाठ करून. पेशंटचा हात प्रत्यक्ष हातात आला की मात्र हळूच विचारतात, "मॅडम, आता कुठल्या बाजूला ढकलू?" या एका प्रश्नाचं उत्तर चाळीस पानांत, चित्रांसह लिहायचं. बाकीचं पुस्तकात आहेच.

योगायोगाने आजच हवी तशी पेशंट आली. पन्नाशीच्या आसपासची विडी कामगार. मोरीत पाय घसरला, हात टेकला, उजव्या मनगटाचं कोलीस फ्रॅक्चर, म्हणजे मनगटालगत रेडियस हाड मोडलेलं. सहा आठवडे प्लास्टर, ते परवा निघालं. हाड जुळल्याची डॉक्टरांची चिठ्ठी आणि ताजा एक्स-रे सोबत होता म्हणून हात लावला, नाहीतर परत पाठवलं असतं. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. गल्लीत सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते.

मोजमाप : मनगट मागे २० अंश, पुढे २५. तळवा वर वळवणं ३५, खाली ६०. तर्जनीचा मुळाचा सांधा ४५ वर अडतो. मूठ करायला सांगितलं तर मधल्या बोटाचं टोक तळव्याच्या घडीपासून ४ सेंमी लांब राहतं. अंगठा कुठवर पोचतो ते मोजणाऱ्या कापांजी मापावर १० पैकी ५, म्हणजे अनामिकेच्या टोकापर्यंत पोचतो, करंगळीपर्यंत नाही. सूज थोडी. घाम, रंग बदलणं, नुसत्या स्पर्शाने कळ येणं यातलं काही नाही. हे पहिल्याच दिवशी बघून ठेवलं, कारण ते असतं तर सगळा बेत बदलावा लागला असता.

"कामाला कधी बसू, मॅडम?"

"आधी मनगट मोकळं होऊ द्या."

१० जानेवारी

पुस्तिकेतलं पहिलं प्रकरण, दिशा. इंटर्नला स्टीलची वाटी आणि उकडलेलं अंडं देऊन बसवलं. वाटी म्हणजे रेडियसचं, कोपराखालच्या अंगठ्याकडच्या हाडाचं, टोक, अंडं म्हणजे मनगटातल्या हाडांची पहिली रांग. अंडं वाटीत मागे कलंडवायला सांगितलं. कलंडतं मागे, पण वाटीबाहेर पडू द्यायचं नसेल तर त्याच वेळी त्याला पुढे घसरावं लागतं. फुगीर पृष्ठभाग हलतो तेव्हा घसरण हाडाच्या हालचालीच्या उलट दिशेला होते. म्हणून मनगट मागे न्यायचं असेल तर ही मनगटातली, म्हणजे कार्पल, हाडं तळव्याकडे सरकवायची, आणि पुढे न्यायचं असेल तर हाताच्या पाठीकडे. करंगळीच्या बाजूला झुकवायचं असेल तर अंगठ्याकडे सरकवायची. नंतर वाटी उलटी करून अंड्यावर ठेवली. हा बोटाच्या मुळाचा सांधा. इथे खोलगट भाग हलतो, म्हणून सरकवण्याची दिशा हालचालीचीच. बोट वळवायचं तर पेर तळव्याकडे.

मी लक्षात ठेवते ती पद्धत याहून गावठी आहे : दोन्ही वेळा जमिनीकडेच दाबायचं, फक्त हात कसा ठेवलाय ते बदलायचं. मनगट मागे यायला हवं असेल तर तळवा खाली ठेवून दाबा, पुढे यायला हवं असेल तर तळवा वर करून. खालून टॉवेलची गुंडाळी, मनगट टेबलाच्या कडेबाहेर. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही.

अंडं नंतर इंटर्नने खाल्लं.

१४ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, आमच्या सिद्धेश्वरांची. केंद्रात चिटपाखरू नाही. संध्याकाळी एक तरुण आला. मिरवणुकीत गर्दीत हात पिळला गेला म्हणाला. करंगळीच्या बाजूला नेमक्या जागी दुखणं, तळवा वळवताना टकटक. इंटर्नचे हात शिवशिवत होते. म्हटलं, थांब, इथे सांधा अडकलेला नाही, उलट सैल वाटतोय. सैल सांध्याला मोबिलायझेशन करायचं नसतं. आधार बांधून डॉक्टरांकडे पाठवलं.

पुस्तिकेत "कधी करू नये" हे प्रकरण शेवटी होतं, ते आता पहिलं.

१८ जानेवारी

आज चूक माझी.

सांध्याला झोके द्यायच्या, फिजिओथेरपिस्ट मेटलंड यांच्या, पायऱ्या चार : पहिलीत हालचालीच्या सुरुवातीला अगदी बारीक झोका, दुसरीत मोठा झोका पण अडथळ्याच्या अलीकडे, तिसरीत मोठा झोका अडथळ्यापर्यंत, चौथीत अडथळ्यावरच बारीक. पहिल्या दोन दुखणं शांत करायला, पुढच्या दोन आखडलेपणा सोडवायला. अक्काचा हात अजून दुखणाऱ्यांत मोडतो हे मला दिसत होतं. तरी परवा तिने "बरं वाटतंय" म्हटलं आणि मी मनगटावर चौथी पायरी वापरली. आज आली ती हात पदराखाली झाकून. रात्रभर ठणका, बोटं सुजलेली. "नोप्पी, मॅडम, लई नोप्पी." म्हणजे दुखतंय.

उपचारानंतरचं दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं तर मात्रा जास्त झाली, हे मी स्वतः दहा जणांना शिकवलंय.

आज फक्त हलकी खेच. एका हाताने कोपराखालच्या दोन्ही हाडांची मनगटाकडची टोकं धरायची, दुसऱ्याने कार्पलची रांग, आणि सांधा नुसता मोकळा होईल इतकं लांब करायचं. ७ ते १० सेकंद, मग सोडायचं, पुन्हा. पहिल्या मिनिटाला तिचा खांदा कानापाशी होता, तिसऱ्या मिनिटाला खाली आला. खांदा खाली आला की सांधा आपल्याला आत घेतो. हे कुठल्या मापात बसत नाही, पण मी तेच बघते.

"मेल्लगा," ती म्हणाली. हळू. इंटर्नने तो शब्द भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवलाय.

२२ जानेवारी

शब्दांवर अडलो. रोल आणि ग्लाइड मराठीत कसं लिहायचं? "लोटन" आणि "सर्पण" असं कोशातून काढलं, वाचून इंटर्न हसत सुटली. सर फोनवर म्हणाले, पेशंटला विचार.

विचारलं. अक्काने डाव्या हाताने, उजव्याचा नुसता आधार घेत, टेंभुर्णीच्या पानाचा तुकडा वळून दाखवला. "हे बघा, वळतंय. नुसतं वळलं तर बोटातून पुढं पळतंय. म्हणून अंगठ्यानं मागं सरकवायचं."

वळणं आणि सरकणं. विडी वळताना दोन्ही एकाच वेळी होतात म्हणून ती बोटांच्या चिमटीत जागच्या जागी राहते. सांध्यातही तेच. आखडलेल्या सांध्यात वळणं उरतं, सरकणं हरवतं, मग हाड एका कडेवर चेपतं आणि दुखतं. आपण हाताने परत देतो ते फक्त सरकणं. प्रकरण दोन एका बैठकीत लिहून झालं.

२५ जानेवारी

अक्का आली नाही. नळाला पाणी आलं होतं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी भरायचं की मनगटाला झोके द्यायचे, यात मनगट हरणारच. यापुढे वेळा पाण्याच्या वाराप्रमाणे लावते.

२८ जानेवारी

मनगट मागे आता ३२. मी खूश. अक्का नाही. "सगळं बरंय, पण विडी होत नाही की ओ."

म्हणून आज तिच्या घरी गेले. सून मांडीवर सूप घेऊन बसली होती. फर्म्यावर कापलेली पानं, तंबाखू, सुताचं रीळ. अर्धा तास नुसती बघत बसले. डाव्या हातात पान, उजव्या चिमटीने तंबाखू पसरवणं, दोन्ही अंगठे आणि तर्जन्या मिळून वळणं, सुताचे वेढे, मग टोकं दुमडून आत खोचणं. मनगट या सगळ्यात जवळजवळ स्थिर असतं, किंचित मागे झुकलेलं, २०-२५ अंशांपुढे नाही. तेवढं अक्काकडे पंधरा दिवसांपूर्वीच होतं. हलत होती ती बोटांची मुळं आणि अंगठ्याचं मूळ.

मोडलं मनगट म्हणून मी मनगटामागे धावत होते, आणि तिचं काम अडलं होतं ते न मोडलेल्या सांध्यांमुळे. "आधी मनगट मोकळं होऊ द्या" हे ८ तारखेचं वाक्य वहीत आहे, ते खोडत नाही.

कारणही एका फोटोत होतं. तिने मोबाइलवर प्लास्टरचा फोटो दाखवला. प्लास्टर तळव्याच्या घडीपुढे, जवळपास बोटांच्या मधल्या पेरांपर्यंत आलेलं. बोटांची मुळं सहा आठवडे सरळ. या सांध्याच्या बाजूचे अस्थिबंध बोट सरळ असताना ढिले असतात आणि वाकवलं की ताणले जातात. ढिल्या अवस्थेत राहिले तर आखडून तेवढेच होतात. मग मूठ बंद होत नाही. प्लास्टर घडीच्या अलीकडे संपलं असतं तर यातलं निम्मं टळलं असतं. कुणी घातलं ते विचारलं नाही, विचारून आता उपयोग नाही.

३० जानेवारी

तर्जनीचं मूळ. मेणाचा शेक, मग काम. सांधा साधारण २० अंश वाकवून ठेवायचा, तिथे तो सर्वांत सैल. एका हाताच्या चिमटीत तळहाडाचं, म्हणजे तळव्यातल्या हाडाचं, डोकं घट्ट, दुसऱ्या चिमटीत पहिल्या पेराचं मूळ, सांध्याच्या जितकं जवळ धरता येईल तितकं. आधी खेच, मग खेच न सोडता तळव्याकडे सरकवणं. इंटर्न नेहमी पेराच्या टोकाला धरते. तिथे धरलं की सांधा सरकत नाही, नुसता उचकटतो, तरफेसारखा. तिला माझ्या बोटावर करायला लावलं. दोनदा ओरडले, तेव्हा तिची पकड मागे आली.

दुसरी-तिसरी पायरी, सेकंदाला दोन-तीन झोके, एक-दोन मिनिटं. मग अक्काला लगेच मूठ करायला लावली. मिळालेली हालचाल तिथल्या तिथे तिच्या स्नायूंनी वापरली नाही तर संध्याकाळपर्यंत विरून जाते. घरी : बोटं सरळ, आकडा, टेबलासारखी, सपाट मूठ, पूर्ण मूठ. हा क्रम दर दोन तासांनी.

५ फेब्रुवारी

अंगठ्याचं मूळ म्हणजे सगळ्या हातातला सर्वांत लबाड सांधा. खोगिरासारखा : एका दिशेने खोलगट, दुसऱ्या दिशेने फुगीर. त्यामुळे दिशेचा नियम इथे दोन्ही तोंडांनी बोलतो. अंगठा तळव्यासमोर उचलायचा असेल तर तळहाड फुगीर बाजूने हलतं, सरकवायचं उलट, म्हणजे हाताच्या पाठीकडे. अंगठा तळव्यावरून आडवा न्यायचा असेल तर तेच हाड खोलगट बाजूने हलतं, सरकवायचं त्याच दिशेला, करंगळीकडे.

वाटी-अंडं इथे चालेना. घरून कडक भाकरी आणली होती. वाळताना तिला आडवा-उभा असा दोन्हीकडून बाक येतो, त्यातले दोन तुकडे एकमेकांवर अगदी खोगिरासारखे बसले. इंटर्नला एका क्षणात कळलं. तिसऱ्या प्रात्यक्षिकाला तुकडे मोडले, उरलेले शेंगाचटणीबरोबर संपवले. पुस्तिकेत भाकरीचं चित्र घालायचं का यावर वाद. मी घालणार.

सांध्याआधी अंगठा-तर्जनीमधली बेचकी तपासायची. अक्काची ताठ होती. ती सैल न करता सांध्याला खेच दिली तर ताकद सगळी स्नायूच खातो.

११ फेब्रुवारी

मनगट पुढे ३८ वर थांबलंय. गेल्या तीन खेपांत एक अंशही नाही. शेवटाला चामड्यासारखी ओढ लागत नाही, थेट अडकतं.

एक्स-रे पुन्हा बघितला. रेडियसचं टोक मुळात तळव्याकडे साधारण ११ अंश तिरपं असतं. अक्काचं जुळताना उलट, हाताच्या पाठीकडे थोडं कललंय. डॉक्टरांनी ते या वयाला चालण्यासारखं मानलंय, आणि ते बरोबर आहे. पण त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक, पुढे वाकण्याची हद्द हाडानेच ठरवून टाकली; तिथे मी कितीही झोके दिले तरी हाड हलणार नाही, फक्त कड दुखेल. दोन, सरकवण्याची पातळीही कलली. फिजिओथेरपिस्ट काल्टेनबॉर्न म्हणतात ती उपचाराची पातळी खोलगट हाडावर ठरते. ते हाडच कललं असेल तर माझा दाबही तेवढाच कलता हवा. इतके दिवस मी पुस्तकातल्या सरळ मनगटावर काम करत होते.

पुढे वाकवणं आजपासून बंद. अक्काला सांगितलं, हे इतकंच राहील. ती म्हणाली, "पुढं वाकून कुणाला नमस्कार करायचाय?"

तळवा वर वळवणं मात्र सुटण्यासारखं आहे, शेवटाला ओढ लागते. अल्ना (करंगळीकडचं हाड) धरून ठेवायची आणि रेडियसचं खालचं टोक हाताच्या पाठीकडे सरकवायचं. दोन्ही पकडी मनगटाच्या वर. हात धरून पिळायचं नाही, इंटर्न लोकांची ही आवडती चूक आहे. तळव्यावर तंबाखू घेता यायला, देवळात तीर्थ घ्यायला हेच लागतं.

१७ फेब्रुवारी

फिजिओथेरपिस्ट मलिगन यांची पद्धत करून बघितली : सांधा आपण सरकवून धरायचा, हालचाल पेशंटने करायची. हाताचा भार टेकवून उठताना अक्काला मनगटाच्या पाठीवर एक बोचणी येते, बाकी कशात नाही. कार्पलची रांग आडवी, अंगठ्याच्या बाजूला किंचित सरकवून धरली आणि तिलाच मनगट मागे न्यायला सांगितलं. बोचणी तशीच. करंगळीच्या बाजूला सरकवून बघितलं : गेली. दहा वेळा, धरलेलं न सोडता. या पद्धतीची अट सोपी आणि कडक आहे : धरून ठेवलेलं असताना दुखायला नको. दुखलं तर दिशा बदला, जोर बदला, तरीही दुखलं तर सोडून द्या. इथे "थोडं सहन करा" चालत नाही. आपल्याकडे पेशंट सहन करायलाच आलेला असतो, त्यामुळे खरं दुखतंय का हे चार वेळा विचारावं लागतं.

२० फेब्रुवारी

माझा उजवा अंगठा सकाळी बाटलीचं झाकण उघडेना.

रोज बारा-चौदा हात, सगळा जोर अंगठ्याच्या टोकावर. अक्काच्या लक्षात आलं. काही न बोलता तिने माझा हात उलटा धरला, बेचकीत खोबरेल तेल लावलं आणि चोळत म्हणाली, "तुमचापण गेला की ओ. हजार विड्या रोज वळल्यागत." तिची पकड माझ्याहून चांगली आहे, सांध्याच्या अगदी लगत.

पुस्तिकेत नवं पान : मनगटावर दाब अंगठ्याने द्यायचा नाही, बेचकीने किंवा तळहाताच्या टाचेने. कोपर सरळ, वजन खांद्यावरून खाली. अंगठा वापरायचाच तर सांधे सरळ रेषेत, मागे वाकू न देता. खाट कमरेच्या उंचीला. आमची खाट ठेंगणी आहे, खाली चार विटा लावल्या.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. वॉट्सअॅपवर शुभेच्छांचा पाऊस आणि माझ्यापुढे कच्चं मुद्रित. छापखान्याने "तळहाड" जिथे जिथे आलं तिथे "तळहात" केलंय, शुद्ध करून दिलं म्हणाले. अठरा ठिकाणी परत दुरुस्ती.

सरांनी कोनमापकाचं पान वाढवायला सांगितलं. बरोबर आहे. ५ अंशांपर्यंतचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो. एकाच माणसाने, एकाच बाजूने, एकाच वेळी मोजावं. माझ्या २८ जानेवारीच्या खुशीतले काही अंश याच खात्यातले असणार.

४ मार्च

अक्काचं मोजमाप : मनगट मागे ४५, पुढे ३८ तिथेच. तळवा वर ६५. तर्जनीचं मूळ ७५. बोटाचं टोक आणि तळव्याची घडी यांत १ सेंमी. कापांजी ८. सकाळी थोडा ताठरपणा राहतो, भाकरी थापली की जातो म्हणते. भाकरी थापणं आता तिच्या व्यायामाच्या कागदावर लिहूनच दिलंय.

विड्या दिवसाला तीनशेच्या आसपास. पूर्वी हजार. टोकं दुमडायला वेळ लागतो, छाट (नापास विड्या) कमी निघते. आठवड्यातून एकदा यायचं ठरलं, पाणी नसेल त्या दिवशी.

इंटर्नने आज एका नव्या पेशंटच्या मनगटाला पहिल्यांदा एकटीने हात लावला. कुठल्या बाजूला, हे विचारलं नाही. आधी एक्स-रे मागितला, मग विचारलं, काम काय करता.

दुसरं मुद्रित आलं. पान १९, अंगठ्याच्या मुळाची आकृती : बाण उलटा छापलाय. भाकरीचं चित्र मात्र छान आलंय. छापखान्याला फोन केला, उद्या बदलून देतो म्हणाले.